चुकायची सोय

लेकीच्या शाळेत एका ठरावीक गुरुवारी सगळ्या मुलांनी जावानीज पोशाखात यायचं असतं. हा गुरुवार दर ३५ दिवसांनी येतो. इथल्या जुन्या कालगणनेत सात वारांच्या जोडीने पाच दिवसांचं बाजारचक्रही फिरतं – लगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन – आणि तोच वार त्याच बाजारदिवशी पुन्हा यायला ३५ दिवस लागतात. मुलगे उभ्या रेघांचा सुर्जान घालतात, डोक्याला ब्लांकोन. मुली केबाया आणि खाली बाटिकचं जारिक. मागच्या खेपेला तिचं जारिक नेसवताना मला आईची आठवण आली, कारण समोरच्या बारीक निऱ्या घालताना बोटं तशीच चालतात. तिला फाटकाशी सोडून मी जरा रेंगाळले. शे-दीडशे मुलं पणजोबा-पणजींच्या वेशात, आणि झाडून सगळी बोलत होती इंडोनेशियन. जावानीज कानावर आली ती फक्त गाड्या लावून घेणाऱ्या काकांची आणि तळलेलं विकणाऱ्या बाईंची.

घरी येऊन फोन बघते तर आमच्या घरच्या ग्रुपवर पुन्हा तोच विषय. २०२५ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र सरकारने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची करणारा आदेश काढला, जूनमध्ये त्यात फेरफार करून दुसरा काढला, आणि विरोध वाढल्यावर २९ जूनला दोन्ही मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आदेश गेले, वाद राहिला. नागपूरच्या काकांनी लिहिलं होतं, "इंडोनेशियाकडे बघा. हजारो बेटं, शेकडो भाषा, पण सगळ्यांनी एक भाषा घेतली आणि देश उभा केला. आपणच भांडत बसतो." त्याखाली सांगलीहून दादाचं एकच वाक्य, मला उद्देशून : "तू तिथे राहतेस. तू सांग."

ग्रुपवर चार ओळींत हे सांगता येईना, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

मी राहते ते योग्यकार्ता. इथे सगळे जोग्जा म्हणतात. नावाचं मूळ आपल्या अयोध्येत आहे. जावा बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरचा हा सुमारे ३,२०० चौरस किलोमीटरचा प्रदेश, २०२० च्या जनगणनेत ३६ लाखांवर वस्ती. आपल्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याच्या निम्माही नाही, पण इंडोनेशियाच्या नकाशावर त्याला प्रांताचा दर्जा आहे आणि नावातच 'विशेष प्रदेश' आहे. विशेष कशामुळे, तर इथे अजून सुलतान आहे, आणि तोच राज्यपाल आहे.

उत्तरेला मेरापी. सुमारे २,९०० मीटर उंचीचा जिवंत ज्वालामुखी. स्वच्छ सकाळी आमच्या गच्चीवरून त्याच्या तोंडाचा धूर दिसतो. २०१० च्या उद्रेकात साडेतीनशेहून अधिक माणसं गेली. त्यांत सुलतानाने नेमलेले डोंगराचे राखणदार, म्बाह मारिजान, हेही होते. ते गाव सोडून खाली आले नाहीत. दक्षिणेला पारांगत्रितिसचा खवळलेला समुद्र, जिथे राजवाड्यातून दर वर्षी समुद्राच्या राणीसाठी वस्त्रं आणि नैवेद्य जातो. डोंगर आणि समुद्र यांना जोडणारी एक रेषा कल्पून पहिल्या सुलतानाने १७५५ नंतर शहर आखलं : तुगूचा स्तंभ, मग मालिओबोरोचा रस्ता, मग क्रातोन म्हणजे राजवाडा, आणि दक्षिणेला क्राप्याकची शिकारगढी. २०२३ मध्ये ही अक्षरेषा युनेस्कोच्या वारसा यादीत गेली.

या रेषेच्या पूर्वेला गुनुंग किदुल आहे, आणि मला या प्रदेशातलं सगळ्यात जवळचं वाटतं ते तेच. चुनखडीचे गोलगोल डोंगर, वर पातळ माती, पाऊस पडला की पाणी खडकाच्या भेगांतून थेट खाली भुयारी नद्यांत. उन्हाळ्यात गावोगाव टँकर. भात पुरेसा पिकत नाही म्हणून लोक कंद वाळवून, कुटून, वाफवून तिवुल करून खायचे. मी जतच्या बाजूची. टँकरमागे धावणाऱ्या घागरी मला कुणी समजावून सांगायला लागल्या नाहीत.

इतिहासही ओळखीचाच. १३ फेब्रुवारी १७५५ ला गियांतीच्या तहात डच कंपनीने माताराम राज्याचे दोन तुकडे पाडले, एक सुराकार्ता, दुसरं योग्यकार्ता. भाऊबंदकीत तिसऱ्याने बसून वाटणी करून द्यायची, हे आपल्याला नवं नाही. मग जावा काही वर्षं इंग्रजांकडे आलं. जून १८१२ मध्ये तिथला इंग्रज कारभारी रॅफल्स याच्या हुकमाने राजवाड्यावर हल्ला झाला, सुलतान पदच्युत होऊन पिनांगला गेला आणि राजवाडा लुटला गेला. हल्ला करणाऱ्यांत इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचे हिंदी शिपाई होते. हे मी इथे आल्यावर कळलं, आणि तेव्हापासून उत्तरेच्या चौकातून जाताना मनात कुठेतरी टोचतं.

सोन्यानाण्यापेक्षा मोठी लूट पोथ्यांची होती. राजवाड्याचं ग्रंथालय जवळपास रिकामं झालं. पोथ्या नेणाऱ्यांत कर्नल कॉलिन मॅकेन्झी होता, जो पुढे तीनच वर्षांत हिंदुस्थानचा पहिला सर्व्हेयर जनरल झाला. त्यांतल्या ७५ पोथ्यांच्या डिजिटल प्रती ब्रिटिश लायब्ररीने २०१९ मध्ये सुलतानाला दिल्या. मूळ पोथ्या लंडनमध्येच आहेत. त्या वेळी इथे मोठा समारंभ झाला, आणि मला एकच प्रश्न पडला : आता या वाचणार कोण? जावानीज लिपी, हनाचाराका, इथे रस्त्यांच्या पाट्यांवर लॅटिन अक्षरांच्या जोडीने रंगवलेली असते. माझी लेक ती अक्षरं ओळखते, परीक्षेपुरती. पण त्या लिपीतलं सलग एक पान अर्थासह वाचणारा माणूस शोधायला विद्यापीठात जावं लागतं. पुण्याच्या पेशवे दप्तरात कोट्यवधी मोडी कागद आहेत आणि ते वाचू शकणारे किती, हे दादाला माहीत आहे. आपल्या पोथ्या कुणी लुटून नेल्या नाहीत. आपणच शाळेतून मोडी काढली आणि आपल्याच दप्तराला परके झालो.

पण याच राजवाड्याने पुढे शिक्षणासाठी जे केलं त्याला तोड नाही. नववा सुलतान हामेंकुबुवोनो लायडनला शिकलेला. १९४० मध्ये गादीवर बसताना डच अधिकाऱ्यांसमोर त्याने डच भाषेतच सांगितलं, की पाश्चात्य शिक्षण झालं तरी मी आधी जावानीज आहे आणि जावानीजच राहीन. १९४५ मध्ये प्रजासत्ताक जाहीर झालं तेव्हा महिन्याभरात त्याने आपलं राज्य त्यात सामील केलं. जानेवारी १९४६ मध्ये जकार्ता धोक्यात आली तेव्हा नव्या देशाची राजधानी इथे आणली आणि सरकार चालवायला स्वतःच्या खजिन्यातून पैसा दिला. त्याच १९४६ मध्ये इथे गजह माडा नावाने उच्च शिक्षण सुरू झालं. डिसेंबर १९४९ मध्ये त्याचं सरकारी विद्यापीठ झालं. इमारत नव्हती, तेव्हा वर्ग भरले राजवाड्याच्या पागेलारानमध्ये आणि सिती हिंगिलमध्ये. सिती हिंगिल म्हणजे 'उंच भूमी', जिथे सुलतानाचा राज्याभिषेक होतो. त्या जागी तरुण मुलं वह्या घेऊन बसली.

पागेलारानच्या खांबांमध्ये उभी राहिले की मला कोल्हापूर आठवतं. शाहू महाराजांनी १९०१ पासून जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. बडोद्याला सयाजीरावांनी ते १९०६ मध्येच केलं होतं. राजाला लोक विसरतात, त्याने उघडलेल्या वर्गातून बाहेर पडलेली घरं विसरत नाहीत. इथेही तेच.

आणि सुलतानाच्याही आधी इथे शिक्षणाचं काम उभं करणारा 'की हजर देवांतारा'. जन्म १८८९, योग्यकार्ताच्याच दुसऱ्या, पाकू आलाम घराण्यातला राजपुत्र. मूळ नाव सुवार्दी. 'मी डच असतो तर' असा लेख १९१३ मध्ये लिहिला म्हणून हद्दपार होऊन हॉलंडला गेला, तिथे फ्रोबेल आणि माँटेसरी वाचल्या, आणि परत येऊन ३ जुलै १९२२ ला इथे 'तामान सिस्वा' काढली. सिस्वा म्हणजे आपला शिष्य, तामान म्हणजे बाग. पुढे त्याने राजकुळाची पदवीही टाकली, कारण मुलांनी जवळ यायला ती आड येत होती. १९२७ मध्ये रवींद्रनाथ त्याची शाळा बघायला आले होते. १९३२ मध्ये डच सरकारने परवान्याशिवायच्या शाळांना 'रानटी शाळा' ठरवून कायदा केला तेव्हा त्याने असा विरोध उभारला, की वर्षभरात तो स्थगित करावा लागला. आपल्याकडे साधारण त्याच काळात माँटेसरीची पद्धत या मातीत कशी रुजवायची याचा ध्यास ताराबाई मोडकांनी घेतला होता. तो पुढे बोर्डी-कोसबाडला फळाला आला. दोघे कधी भेटल्याचं मला माहीत नाही, पण एका ओसरीवर बसवावेत असे आहेत.

देवांतारांचं सांगणं असं, की शिक्षकाने पुढे असताना उदाहरण व्हावं, मध्ये असताना उमेद जागवावी, मागे राहून बळ द्यावं. मूळ वाक्य जावानीजमध्ये आहे. त्यातला शेवटचा तुकडा, 'तुत वुरी हांदायानी', आज देशाच्या शिक्षण खात्याच्या बोधचिन्हावर आहे आणि देशभरच्या शाळकरी मुलांच्या टोपीवर असतो.

आता काकांच्या प्रश्नाकडे येते.

काका, इंडोनेशियाने एक भाषा घेतली हे खरं. पण कुणाची घेतली? १९२८ च्या २८ ऑक्टोबरला तरुणांनी जी शपथ घेतली त्यात निवडलेली भाषा मलय होती. ती बंदरांतली, व्यापाराची भाषा; मातृभाषा म्हणून बोलणारे फार थोडे. जावानीज लोक तेव्हाही देशात सगळ्यात जास्त होते, आजही सुमारे ४० टक्के आहेत. राजदरबार त्यांचे, हजार वर्षांचं साहित्य त्यांचं. त्यांनी आपली भाषा पुढे केली नाही. म्हणजे मोठ्या भावाने हक्क सोडला म्हणून धाकटे जवळ आले. नवी भाषा सगळ्यांनाच जवळपास सारखी शिकावी लागली, परीक्षेत कुणाला घरचा फायदा नव्हता. हिंदीच्या सक्तीची मांडणी नेमकी याच्या उलट आहे. तिथे संख्येने सगळ्यात मोठ्यांनी आपली भाषा इतरांना शिकायला सांगितली आहे. त्यामुळे इंडोनेशियाचं उदाहरण तुमच्या बाजूने उभं राहत नाही. पहिलीतल्या सहा वर्षांच्या पोरावर तिसरी भाषा लादायला माझा विरोध आहे आणि तो इथे राहून वाढलाच आहे.

दादा, तू हे वाचून खूश होशील, पण तुझ्यासाठीही काही आहे.

जावानीज बोलणारे आठ कोटींच्या आसपास. मराठीही २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख. म्हणजे आपण एका मापाचे. तिच्यामागे राज्यपाल असलेला सुलतान आहे. २०१२ च्या कायद्यानुसार 'विशेषत्व' जपायला केंद्राकडून दर वर्षी वेगळा निधी येतो; त्यात संस्कृती हा ठळक विषय आहे. पाट्या आहेत, पोशाखाचा दिवस आहे, शाळेत आठवड्याला दोन तास सक्तीची जावानीज आहे. आपण ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला म्हणून पेढे वाटले, मीही इथे शेजारी वाटले. २०२० च्या कायद्याने सगळ्या शाळांत मराठी विषय सक्तीचा झाला. यातलं काहीच वाया गेलेलं नाही. पण जावानीजकडे हे सगळं आहे, आणि तरी माझ्या लेकीच्या वर्गातली मुलं आपसांत ती बोलत नाहीत.

का, हे मी समोरच्या म्बाहकडून शिकले. म्बाह म्हणजे आजी किंवा आजोबा; या आजी. वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्या लहानपणी शाळेत पहिली तीन वर्षं जावानीजमधूनच शिकवत. कायद्यात तशी सोयच होती. त्या अजून पाढे जावानीजमध्ये म्हणतात, बाजारात हिशेब करताना ओठ हलतात ते जावानीजमध्ये. आजच्या कायद्यातही सुरुवातीला प्रादेशिक भाषा वापरायची मुभा आहे, पण आमच्या भागात तशी शाळा मला दिसली नाही. पहिल्या दिवसापासून गणित, परिसर, सगळं इंडोनेशियनमध्ये. जावानीज उरली ती 'विषय' म्हणून. ज्या भाषेत बेरीज करत नाहीत, पडल्यावर डॉक्टरला कुठे दुखतं ते सांगत नाहीत, ती मुलांच्या लेखी सणाच्या कपड्यांसारखी होते. घडी मोडतात, घालतात, पुन्हा ठेवून देतात.

दुसरं कारण या भाषेच्या पोटातलं आहे. जावानीजमध्ये बोलण्याच्या पायऱ्या आहेत. बरोबरीच्यांशी न्गोको, मोठ्यांशी क्रामा, आणि मोठ्यांच्या स्वतःच्या कृतींसाठी क्रामा इंगिल. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण बदलतं. इथे अख्खा शब्द बदलतो. जेवणं म्हणजे मांगान, नेधा किंवा धाहार. झोपणं म्हणजे तुरू, तिलेम किंवा सारे. तिसरा शब्द दुसऱ्यासाठी राखून ठेवलेला. स्वतःसाठी वापरला तर फार मोठी चूक.

एका संध्याकाळी म्बाहने लेकीला विचारलं, जेवलीस का. लेकीने शाळेत शिकलेलं सगळं गोळा करून, हात जोडून उत्तर दिलं : "कुला साम्पुन धाहार." मी जेवले. शब्द सगळ्यात आदराचा, म्हणून तिला वाटलं सगळ्यात चांगला. म्बाह खळखळून हसल्या. "न्दुक, स्वतःला धाहार म्हणायचं नसतं, नेधा म्हण." न्दुक म्हणजे आपलं 'बाळे'. त्यांच्या आवाजात माया होती, हात तिच्या डोक्यावर होता. पण ऐकणारे आणखी चौघे होते, तेही हसले. लेकीचे कान लाल झाले. त्यानंतर ती म्बाहशी फक्त इंडोनेशियन बोलते. इंडोनेशियनमध्ये जेवणं हे जेवणंच आहे.

इथली किती तरी घरं याच वाटेने गेली. आई-बाप सांगतात, पोरांनी मोठ्यांशी न्गोको बोललं तर उद्धट दिसेल, क्रामा नीट येत नाही, त्यापेक्षा इंडोनेशियन बरी. भाषेवर राग कुणाचा नाही. उलट आदर इतका, की चुकीची बोलण्यापेक्षा न बोललेली बरी वाटते. मला हे बघून आपल्याकडची शुद्धलेखनाची आणि 'शुद्ध' बोलण्याची भांडणं आठवतात. जतहून सांगलीला कॉलेजात आले तेव्हा माझ्या बोलीला वर्गातल्या मुली हसल्या होत्या. मी वर्षभर वर्गात तोंड उघडलं नाही.

राजाच्या या प्रदेशात सगळं छान आहे असं मला म्हणायचं नाही. इथे शंभरावर उच्च शिक्षणसंस्था आहेत, 'विद्यार्थ्यांचं शहर' म्हणूनच ओळख आहे, मानव विकास निर्देशांकात जकार्ताच्या खालोखाल हाच प्रांत. आणि तरी २०२३ च्या सरकारी आकडेवारीत ११ टक्क्यांहून अधिक लोक दारिद्र्यरेषेखाली, जावा बेटावर सगळ्यात जास्त. किमान वेतन देशातल्या सगळ्यात कमी वेतनांपैकी. मोठी जमीन दोन राजघराण्यांच्या नावावर आहे. १९७५ च्या एका सूचनेमुळे चिनी वंशाच्या नागरिकांना इथे जमिनीची मालकी मिळत नाही, पिढ्यान् पिढ्या राहूनही. हे मला अन्यायाचं वाटतं आणि मी ते इथल्या मित्रमंडळींशी बोलते. सध्याच्या सुलतानाला पाच मुली. २०१५ मध्ये त्याने थोरलीला वारसाचं नाव दिलं, तर त्याचेच भाऊ विरोधात गेले. मी मनाने त्या मुलीच्या बाजूने आहे. पण निवडणूक न होता राज्यपाल ठरावा, हे मतदान करत वाढलेल्या मला अजून पटत नाही, आणि इथल्या बहुतेकांना ते पटतं हेही मी रोज बघते.

तेव्हा दादा, तिसऱ्या भाषेची सक्ती रोखलीत ते बरं केलंत. पण मराठी शाळेतून गेली तर ती तिसऱ्या भाषेच्या दोन तासांमुळे नाही जाणार. पहिलीपासून गणित आणि विज्ञान इंग्रजीत गेलं, तिथूनच ती जाते आहे, आणि ते कुणी आदेश काढून केलं नाही. तुझी दोन्ही मुलं इंग्रजी माध्यमात आहेत. तू का घातलंस ते मला माहीत आहे, जवळची मराठी शाळा पटाअभावी बंद पडली आणि दुसरी पाच किलोमीटरवर. मोर्चा हवा होता तो त्या शाळेसाठी. आताही काढता येईल, शाळेचं पटांगण अजून मोकळं आहे असं आई सांगत होती.

आमच्या घरामागून सलोकान माताराम वाहतो. जपानी राजवटीत खोदलेला, सुमारे ३० किलोमीटरचा कालवा. सक्तीच्या मजुरीला माणसं दूरदेशी न्यायला लागले तेव्हा त्यांना इथेच काम मिळावं म्हणून नवव्या सुलतानाने तो खोदायला लावला, असं म्बाह सांगतात. त्यांचे वडील त्यावर होते. काल संध्याकाळी काठावर बसून लेक माझ्या आईशी फोनवर बोलत होती. इंडोनेशियनमध्ये क्रियापदाला लिंग नाही, त्यामुळे तिची मराठी त्या बाजूने नेहमी ढासळते.

"आजी, तू जेवलास का?"

"जेवले गं. ज्वारीची भाकरी, पिठलं. तू काय खाल्लंस?"

"मी गुदग खाल्ला."

"ते काय असतं?"

"फणस, आजी. कच्चा फणस. गूळ घालून रात्रभर शिजवतात."

"अगं बाई, गूळ? आणि तिखट?"

लेक सांगत बसली. कालव्याच्या पलीकडून म्बाह येत होत्या, त्यांना फोन दाखवून ती म्हणाली, ही माझी दुसरी म्बाह. अर्धं वाक्य मराठीत होतं.